लॅबमधल्या ४० कॉम्प्युटरवर विंडोज ११ कमी वेळात कसं चढवायचं?

४० मशीन, सगळ्यांवर विंडोज १०, इंटरनेट ५० एमबीपीएस आणि हातात दोन दिवसांची सुट्टी. एकेकाला पेनड्राइव्ह लावत बसायचं का, असं तुम्ही विचारलंय. नका बसू. मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजची लॅब सांभाळतो. हेच काम मी ४४ मशीनवर केलंय.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून फार लांबवू नका. पण आधी एक दिवस नुसती यादी करण्यात घालवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आमच्या ४४ पैकी १३ मशीन इथंच गळाली. जुगाड करून त्यांच्यावर ११ चढवता येतं, पण पुढच्या अपडेटची खात्री राहत नाही. मुलांच्या लॅबमध्ये मी ते करणार नाही. त्या १३ वर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) टाकलं, ती छान चालतात.

आता डाउनलोडचं. विंडोज ११ ची फाइल साडेपाच जीबीच्या आसपास धरा. ४० मशीननी आपापली ओढली तर २२० जीबी होतात, आणि तुमची लाइन पूर्ण वेगानं चालली तरी जवळजवळ दहा तास जातील. म्हणून बाहेरून एकदाच आणायचं आणि आतल्या आत वाटायचं.

त्यासाठी एक मशीन मन लावून तयार करा: विंडोज ११, सगळे अपडेट, टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी टायपिंग. टायपिंग तर स्वतः बसून तपासा. जुन्या फॉन्टवर आणि रेमिंग्टन कीबोर्डवर सराव करणारी पोरं परीक्षेच्या तोंडावर अडकली, तर बाकीचं काम कितीही चांगलं झालेलं असो, उपयोग नाही. मग सिसप्रेप (त्या मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजमधलंच साधन) चालवून त्या मशीनची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, घ्या. इमेज घ्यायला आणि वाटायला फॉग किंवा क्लोनझिला वापरा, दोन्ही मोफत आहेत. एखादा बरा जुना पीसी सर्व्हर म्हणून पुरतो. बाकीची मशीन नेटवर्कवरून, म्हणजे पीएक्सईनं बूट होतात आणि इमेज ओढून घेतात. बूटच होत नसतील तर बायोसमधला सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) तेवढ्यापुरता बंद करा, काम झालं की आठवणीनं चालू करा.

इमेज मल्टिकास्टनंच पाठवा. एकेकाला वेगळं पाठवणं म्हणजे प्रत्येक पोराच्या घरी जाऊन तोच धडा शिकवणं. मल्टिकास्टमध्ये वर्गात एकदाच शिकवता, सगळे एकदम लिहून घेतात. पण वर्ग सगळ्यात हळू लिहिणाऱ्यासाठी थांबतो. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपून मी बारा मशीनची पहिली बॅच लावली, तर सगळंच रांगत होतं. मी दोन तास सर्व्हरमध्ये दोष शोधत बसलो. शेवटी सापडलं काय, तर कोपऱ्यातल्या एका मशीनची केबल उंदरानं कुरतडलेली. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एक जोडी गेली की लिंक १०० एमबीपीएसवर उतरते, आणि त्या एका मशीनपायी बाकीची अकराही ताटकळतात. केबल बदलली आणि पुढची बॅच पंचवीस मिनिटांत उरकली. तेव्हा आदल्या दिवशी प्रत्येक मशीनची लिंक स्पीड बघून घ्या.

काम सुरू करताना लॅबचा स्विच ऑफिसच्या नेटवर्कपासून सोडवा. साधा स्विच मल्टिकास्ट सगळ्या पोर्टवर ओततो, ऑफिसचं काम ठप्प होईल. शिवाय एकाच नेटवर्कवर दोन डीएचसीपी (मशीनला नेटवर्कचा पत्ता देणारे सर्व्हर) आले की मशीन भलत्याकडूनच पत्ता घेतात आणि बूट होत नाहीत.

वीज तुम्हाला मी काय सांगू! इन्व्हर्टरला झेपतील तेवढीच, दहा-बारा मशीन एका वेळी घ्या. इमेज अर्ध्यात तुटली तर मशीन चालू होणार नाही, पण घाबरू नका, पुन्हा पाठवली की झालं. मात्र डिस्क पूर्ण पुसली जाते, त्यामुळे पोरांची प्रोजेक्टं आणि प्राध्यापकांच्या फाइली आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ठेवा. "सी ड्राइव्हमध्ये काही नाही" असं कुणी सांगितलं तरी डेस्कटॉप उघडून बघा.

लायसन्सचं कॉलेजकडून लेखी विचारून घ्या. एकाच मशीनची लायसन्स की सगळीकडे टाकणं चालत नाही, आणि अशी इमेज वाटायची तर व्हॉल्यूम लायसन्सची (संस्थेनं अनेक मशीनसाठी एकत्र घेतलेल्या लायसन्सची) प्रत लागते. ते नसेल तर इमेजचा नाद सोडा. विंडोज ११ ची डाउनलोड केलेली फाइल लॅबमधल्या शेअर फोल्डरवर ठेवा आणि प्रत्येक मशीनवर तिथूनच सेटअप चालवा. वेळ जास्त लागेल, पण इंटरनेट वाचतं, आधीचं सॉफ्टवेअर जागेवर राहतं आणि काही बिघडलं तर दहा दिवसांच्या आत विंडोज १० वर परतता येतं.