टू-स्ट्रोक मोटरचा स्पार्क प्लग सारखा काळा का पडतो?

प्रश्न : फायबरच्या होडीला १५ हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर आहे. २४ लिटरच्या टाकीत दर वेळी १ लिटर ऑइल ओततो. गळ टाकत दोनेक तास हळू फिरलं की मोटर मिस मारते आणि बंद पडते. मग कितीही दोरी ओढा, उठत नाही. दोन्ही प्लग काळे आणि ओले निघतात. नवे घातले की आठवडाभर ठीक, पुन्हा तेच. (देवगड)

उत्तर : प्लगचा दोष नाही, ऑइल दुप्पट पडतंय. २४ लिटरला १ लिटर म्हणजे साधारण २५:१ (२५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल). हे प्रमाण नव्या मोटरच्या पहिल्या काही तासांपुरतं असतं. रुळलेल्या मोटरला बहुतेक कंपन्या ५०:१ सांगतात, म्हणजे लिटरला २० मिली आणि भरलेल्या टाकीला ४८० मिली. तरी आपल्या मोटरचं पुस्तक एकदा बघाच. टाकीत ५ लिटर मिश्रण उरलं असेल तर ऑइल फक्त नव्या १९ लिटरचं घालायचं, ३८० मिली. मापाचा डबा ठेवा. अंदाजाने ओतणं इथेच नडतं. उलट प्लग वाचवायला ऑइल ५०:१ पेक्षा कमी करू नका, पिस्टन जाम होईल. ऑइलच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं हवं. स्कूटरचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, त्याची राख प्लगवर बसते.

दुसरं कारण हळू चालवणं. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसला पोहोचलं तरच त्यावरची काजळी जळते. आयडलवर (अगदी कमी वेगात) ते तेवढं तापत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं मोटर वेगात पळवा. चोक विसरून ओढलेला राहिला, किंवा थर्मोस्टॅट (थंड करणाऱ्या पाण्याची झडप) उघडा अडकून इंजिन थंडच राहिलं, तरी हाच परिणाम होतो.

समुद्रात बंद पडली तर इंधनाची नळी सोडा, चोक आत ढकला, किल-स्विचची (मोटर झटकन बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढा. प्लग काढून, वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून, थ्रॉटल पूर्ण उघडून आठ-दहा वेळा दोरी ओढा. साचलेलं पेट्रोल बाहेर पडेल. वायर हवेत लोंबकळत ठेवून ओढू नका, सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. प्लग पेट्रोल आणि पितळी ब्रशने साफ करा. पॉलिश पेपर नको, त्याची वाळू आत जाते. गॅप (प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर) फीलर गेजने, म्हणजे पातळ मापपट्टीने, तपासा. अशा बऱ्याच मोटरींना लागणाऱ्या एनजीके बी७एचएस-१० प्लगला गॅप १ मिमी असते (शेवटचा १० तेच सांगतो). नवा प्लग हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा फिरवून थांबवा. जुना असेल तर फेऱ्याचा जेमतेम बारावा भाग पुरे, कारण त्याचा वॉशर आधीच चेपलेला असतो.

प्रश्न : माझा फक्त खालच्या सिलिंडरचा प्लग ओला होतो. ऑइल कमी करू का? (मालवण)

उत्तर : नको. दोन्ही सिलिंडर एकच मिश्रण पितात, मग ऑइल जास्त असतं तर वरचाही ओला झाला असता. दोन्ही प्लगची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर वर गेला तर प्लग खराब. खालीच राहिला तर प्लग कॅप, वायर, इग्निशन कॉइल या क्रमाने पाहा. कॅपमध्ये हिरवट गंज दिसला तर खाऱ्या पाण्याचं काम आहे. स्पार्क ठीक असेल तर रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप) आणि क्रँकचं (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचं) खालचं सील मेकॅनिककडून तपासा. प्लगवर ऑइलऐवजी पाण्याचे थेंब किंवा गंज असेल तर मात्र हेड गॅस्केट (सिलिंडरच्या झाकणाखालची सील) गेलेलं असू शकतं. ती मोटर चालवूच नका.

प्रश्न : बी७ ऐवजी ६ नंबरचा गरम (टोक जास्त तापणारा) प्लग घातला तर?

उत्तर : एनजीकेमध्ये आकडा कमी तितका प्लग गरम, म्हणून हळू चालवताना तो स्वच्छ राहील. पण परतताना पूर्ण थ्रॉटलवर तोच प्लग पिस्टनला भोक पाडू शकतो.