मास्कमुळे श्वसनाच्या विषाणूपासून खरंच संरक्षण होतं का?

मास्कची छिद्रं विषाणूपेक्षा मोठी असतात, मग तो अडतो कसा, आणि डेन्मार्कमधल्या प्रयोगात फायदा दिसला नाही तर मास्क लावायचा कशाला, असं तुम्ही विचारलंय. घरात फुप्फुसाचा जुना आजार असलेले वडील आहेत, हेही लिहिलंय. मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम करते. कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावर एन-९५ नीट बसतो की नाही, ते तपासणं माझ्याकडे असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी छिद्रांचं. कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हे बरोबर. पण तो एकटा सुटा उडत नसतो. खोकताना, बोलताना, अगदी नुसता श्वास सोडतानाही जे बारीक तुषार बाहेर पडतात, त्यांत तो असतो. शिवाय मास्क म्हणजे चाळणी नव्हे. त्याच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या अतिशय बारीक तंतूंचा गुंता असतो. मोठ्या कणांना हवेबरोबर वळता येत नाही, ते तंतूंवर आदळून तिथेच राहतात. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि कुठल्यातरी तंतूला चिकटतात. त्यात भर म्हणजे तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो, तोही कण खेचून घेतो. अडवायला सगळ्यांत अवघड असतात ते मधल्या आकाराचे कण. एन-९५ची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर होते आणि त्यातले किमान ९५ टक्के अडले तरच तो पास. घरी शिवलेल्या कापडी मास्कमध्ये असा थरच नसतो, म्हणून तो बराच कमी पडतो.

पण माझ्या मते खरा प्रश्न कापडाचा नाही, फटींचा आहे. आमच्याकडे तपासणी अशी होते: मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर एक टोप चढवायचा आणि त्यात सॅकरिनचा फवारा सोडायचा. मग त्याला मान वळवायला, वाकायला, मोठ्याने बोलायला सांगायचं. ‘गोड लागतंय’ असं तो म्हणाला की समजायचं, हवा बाजूने शिरतेय. बहुतेक वेळा गळती नाकाच्या दोन्ही कडांना असते. तार एका हाताने चिमटीत धरून दाबली की मधोमध टोक येतं आणि बाजूला फट राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी, मधून गालांकडे दाबत नेली की तोच मास्क त्याच चेहऱ्यावर पास होतो. दाढी असेल तर मात्र काही केल्या तो घट्ट बसत नाही. सर्जिकल मास्क बाजूंनी उघडाच असतो. तो समोरचे शिंतोडे चांगले अडवतो, पण हवेत तरंगणारे कण कडेने आत येतात.

आता प्रयोग. डेन्मार्कमध्ये एप्रिल ते जून २०२० या काळात सुमारे ६,००० लोक घेतले आणि निम्म्यांना घराबाहेर सर्जिकल मास्क लावायला सांगितलं. मास्कच्या गटात ४२ जणांना संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ५३ जणांना. म्हणजे प्रयोगात शेवटपर्यंत राहिलेल्यांपैकी १.८ टक्के आणि २.१ टक्के. एवढ्या थोड्या रुग्णांवरून संसर्ग ४६ टक्के घटला इथपासून २३ टक्के वाढला इथपर्यंत काहीही शक्य राहतं. याचा अर्थ ‘उपयोग नाही’ असा होत नाही, ‘निकाल लागला नाही’ असा होतो. सूचना पूर्ण पाळल्या, असं मास्कच्या गटातल्या फक्त ४६ टक्के लोकांनी सांगितलं. आणि आजारी माणसाने मास्क लावला तर इतरांना किती फायदा, हे त्या प्रयोगाने तपासलंच नव्हतं.

बांगलादेशात ६०० गावांत, तीन लाखांहून जास्त प्रौढांवर मोठा प्रयोग झाला. फुकट मास्क आणि सतत समजावणं, यामुळे मास्कचा वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. लक्षणं दिसून रक्ततपासणीत सिद्ध झालेला संसर्ग सुमारे ९ टक्के घटला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीपुढच्या लोकांमध्ये ही घट ३५ टक्क्यांच्या आसपास होती. निम्म्याहून जास्त लोक उघड्या तोंडाने फिरत असताना एवढं साधलं, हे मला मोलाचं वाटतं.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मान्य करायलाच हवा. ‘मास्क लावा’ असं सांगितल्याने लोकसंख्येवर दिसणारा परिणाम लहानच असतो. कर्मचाऱ्यांमध्ये एन-९५ आणि सर्जिकल यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांतही मोठा फरक ठामपणे दिसलेला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही, कारण तीच माणसं जेवणाच्या सुट्टीत आणि घरी मास्कशिवाय असतात. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०२३च्या आढाव्यावरून ‘मास्क निरुपयोगी ठरले’ अशी ओरड झाली, तेव्हा कॉक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांनीच तो अर्थ दिशाभूल करणारा आहे, निष्कर्ष अनिर्णित आहे, असं स्पष्ट केलं.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर कोणी आजारी पडलं की त्याने सर्जिकल मास्क लावावा आणि वडिलांजवळ जाणाऱ्याने एन-९५. आजारी माणसाला झडप असलेला मास्क देऊ नका, त्यातून त्याचा श्वास न गाळता बाहेर पडतो. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, मास्क हा हवा खेळती ठेवण्याला पर्याय नाही. एन-९५ धुऊ नका किंवा त्यावर सॅनिटायझर मारू नका, विद्युतभार जातो आणि मास्क वरून चांगला दिसत असला तरी आतून निकामी होतो. तो ओला झाला, मळला किंवा इलॅस्टिक सैल पडलं की बदला. वडिलांना घट्ट मास्कने धाप लागत असेल तर त्यांच्यावर सक्ती करू नका, डॉक्टरांना विचारा. तोवर तुम्ही लावा आणि त्यांना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लावायला सांगा.