ब्रेक दाबला की इंडिकेटर का पेटतो?

प्रश्न : माझी मोटार वीस वर्षांहून जुनी आहे. ब्रेक दाबला की मागचा उजवा इंडिकेटर मंद पेटतो आणि त्याच बाजूचा टेल लॅम्प विझतो. बल्ब बदलले, फ्यूज तपासले, तरी फरक नाही. सगळे वायरिंग नवे टाकावे, असा सल्ला मिळाला आहे. त्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : वायरिंगला इतक्यात हात लावू नका; ही लक्षणे अर्थिंग, म्हणजे करंट परत नेणारी जोडणी, बिघडल्याची आहेत. मोटारीत बल्बपर्यंत करंट वायरने येतो, पण परत जातो तो गाडीच्या लोखंडी बॉडीतून. मागच्या एका बाजूच्या सर्व बल्बांचा हा परतीचा मार्ग बहुधा एकाच वायरने आणि एकाच स्क्रूने बॉडीला जोडलेला असतो. त्या स्क्रूखाली गंज धरला की ब्रेकच्या 21 वॉटच्या फिलामेंटमधून (बल्बमधल्या तापून उजळणाऱ्या तारेतून) आलेला करंट शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि त्याच बाजूच्या पुढच्या इंडिकेटरमार्गे बॉडी गाठतो. अंधारात कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगून पुढचा उजवा इंडिकेटर नीट पाहा. त्याची तारही लालसर तापलेली दिसण्याची दाट शक्यता आहे.

खात्री करण्यासाठी मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, ब्रेक दाबलेला असताना त्याचे एक टोक होल्डरच्या अर्थच्या पत्र्याला आणि दुसरे, लांब वायर जोडून, बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत असावा. तो काही व्होल्टपर्यंत गेला, तर दोष सापडला म्हणून समजा. ही तपासणी ओहमवर, म्हणजे वायरचा रोध मोजण्याच्या सेटिंगवर, मात्र करू नका. त्या वेळी मीटर अगदी क्षीण करंट सोडतो, त्यामुळे वायरची एकच बारीक तार शाबूत असली तरी सगळे ठीक असल्याचे दाखवतो. बल्बला लागणारा पावणेदोन अँपिअर करंट त्या एका तारेतून नीट जात नाही. माझ्या मते चांगले बल्ब आणि चांगले वायरिंग विनाकारण बदलले जाते ते बहुतेक वेळा या चुकीमुळेच.

दुरुस्ती साधी आहे. बॅटरीचे निगेटिव्ह काढा, स्क्रू सोडवा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, टर्मिनल नवे लावून घट्ट आवळा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. नुसता स्क्रू घासून भागत नाही, कारण पत्र्यावरचा रंग करंट अडवतो. बल्ब बदलताना ब्रेक आणि टेलच्या सामाईक, दोन फिलामेंटच्या बल्बच्या होल्डरमध्ये एका फिलामेंटचा बल्ब बसवला गेला नाही ना, तेही पाहा. त्यानेही ब्रेक आणि टेलचे करंट एकमेकांत मिसळतात. दुरुस्ती होईपर्यंत रात्री गाडी बाहेर काढू नका, मागून येणाऱ्याला तुमचा इशारा चुकीचा समजेल.

प्रश्न : हेडलाइट पिवळट आणि मंद आहेत. 60/55 वॉटऐवजी 100/90 वॉटचे बल्ब लावले तर चालेल का?

उत्तर : कृपया लावू नका. आधी इंजिन चालू आणि दिवे लागलेले असताना बल्बच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा आणि ते बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टेजशी ताडून पाहा. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, तर हॅलोजन बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही बल्बांचा सुमारे 9 अँपिअर करंट थेट स्विचमधून जातो, आणि झिजलेल्या स्विचमध्ये व बारीक वायरमध्येच व्होल्टेज वाया जाते. मोठ्या बल्बने ही गळती वाढेल, शिवाय कनेक्टर आणि स्विच तापून वितळतील. हेडलाइटचे अर्थिंग साफ करूनही फरक न पडल्यास अप्पर आणि डिपरसाठी स्वतंत्र रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवून घ्या. त्यांना करंट बॅटरीकडून 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरने द्यावा, फ्यूज बॅटरीजवळच ठेवावा आणि जुन्या स्विचकडे फक्त रिले चालू करण्याचे काम राहू द्यावे.

प्रश्न : डावा इंडिकेटर उजव्यापेक्षा भराभर लुकलुकतो. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदलू का?

उत्तर : नको. डाव्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेला असेल, किंवा कमी वॉटचा अथवा एलईडी बसवला असेल. भार कमी झाला की फ्लॅशर वेगाने चालतो. तो स्वतः बिघडला असता, तर दोन्ही बाजूंना दोष दिसला असता.