अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, विकलांग सर्टिफिकेट मिळेल का?

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, कधी पेशंट स्वतः विचारतो, कधी बायको, कधी आई. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. आजच्या घडीला नुसत्या या आजाराच्या नावावर मिळत नाही. दिव्यांग व्यक्ती अधिकार कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार दिलेत, त्यात थॅलेसेमिया आहे, हीमोफिलिया आहे, सिकल सेल आहे, पार्किन्सन्स आहे, पण अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा) नाही आणि त्याच जातीचा आतड्याचा दुसरा आजार, क्रोन्स, तोही नाही. पण हे ऐकून फोन ठेवून देऊ नका, कारण लोकांना सर्टिफिकेटकडून जे हवं असतं त्यातलं बरंच काही दुसऱ्या रस्त्याने मिळू शकतं, आणि तो रस्ता कुणी सांगतच नाही.

प्रशांतची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही बदललेत. इंदूरला सुदामा नगरमध्ये घर, वय चौतीस, नोकरी पीथमपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला. सुरुवातीला रक्त पडायचं तेव्हा सगळ्यांनी मूळव्याधच धरली, त्यावर मलमं, चूर्णं सगळं झालं, आणि मग कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने आतड्याची तपासणी, झाली तेव्हा कळलं की मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा आहेत. (हे खूप जणांचं होतं हो. शौचावाटे रक्त पडलं की मूळव्याध म्हणून स्वतःच औषध घेत बसू नका, पोटाच्या डॉक्टरला दाखवा.) आजार पूर्ण जात नाही, औषधांनी दबतो, महिनोन्‌महिने माणूस एकदम ठीक असतो आणि मग परत उसळतो. क्रोन्स आणि हा, दोन्ही बहुतेक वेळा ऐन उमेदीत, पंधरा ते पस्तीसच्या दरम्यान सुरू होतात, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न सगळं चालू असतानाच.

प्रशांत आला तेव्हा त्याच्या मोबाईलमध्ये एका अमेरिकन माणसाचा व्हिडिओ सेव्ह केलेला होता. तिथे सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेच्या अपंगत्वाच्या यादीत हा आजार खरंच आहे, ५.०६ नंबरवर, पण तिथेही नुसतं निदान चालत नाही, आजारामुळे किमान बारा महिने काम करता येणार नाही असं कागदोपत्री दाखवावं लागतं. तो म्हणाला, "ताई, तिकडे देतात, मग आपल्याकडे का नाही, मी काय नाटक करतोय का?"

हे शेवटचं वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, त्यामुळे सुपरवायझर म्हणतो दिवसातून किती वेळा जातोस, नातेवाईक म्हणतात टेन्शन घेऊ नको आणि बाहेरचं खाऊ नको, आणि हळूहळू त्या माणसाला स्वतःलाच वाटायला लागतं की आपण वाढवून सांगतोय की काय. तर एकदा स्पष्ट लिहिते, हा आजार टेन्शनमुळे होत नाही आणि इंदूरच्या सराफ्यात, त्या खाऊबाजारात, खाल्ल्यामुळेही होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते, त्यातून ही सूज येते. ताणाने त्रास वाढू शकतो, ते वेगळं.

मग मी त्याला विचारलं, सर्टिफिकेट मिळालं असतं तर तू पहिलं काय केलं असतंस? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बसचं काहीतरी झालं असतं."

कंपनीची बस. इंदूरहून राऊवरून पीथमपूर, तासाभराचा रस्ता, मध्ये थांबा नाही. याला घाई लागली की हातात फार तर दोन-तीन मिनिटं असतात. एकदा त्याने राऊच्या पुढे पेट्रोल पंपावर बस थांबवायला लावली आणि सगळी बस त्याची वाट बघत बसली. त्यानंतर त्याने आदल्या दिवशी संध्याकाळपासून खाणंच बंद केलं, सकाळी पोटात काही नसलं म्हणजे बस निभावते म्हणून. बायको म्हणत होती की यांचं वजन आजाराने उतरतंय, आणि खरं तर बरंचसं त्या बसने उतरत होतं. डॉक्टरांनाही हे माहीत नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नाही आणि याला सांगायची लाज वाटली.

म्हणजे त्याला हवं काय होतं? पेन्शन नाही, कार्डही नाही, प्रवास आणि संडास या दोन गोष्टींची सोय. यासाठी ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतंच असं नाही. आरक्षण, बऱ्याचशा योजना यांना ४० टक्के लागतात, बरोबर आहे. पण त्याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची साधी व्याख्या वेगळी दिलीय, त्यात टक्के नाहीत, दीर्घकाळ टिकणारा शारीरिक त्रास आणि त्यामुळे समोर येणारे अडथळे एवढंच आहे. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात हा फरक स्पष्ट केला. त्या मुलाला लिहिताना हाताचा त्रास होता, ४० टक्क्यांत बसत नव्हता, तरी त्याला लेखनिक मिळाला पाहिजे असं कोर्टाने म्हटलं. ती केस परीक्षेची होती, आतड्याची नव्हती, पण वाजवी सोय, म्हणजे माणसाच्या अडचणीप्रमाणे करून दिलेला बदल, टक्क्यांना बांधलेली नाही हा मुद्दा आपल्याला उपयोगी पडतो. शिवाय वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपनीनेही समान संधी धोरण करून ते जाहीर करायचं असतं. एचआरला हे नम्रपणे विचारता येतं, आपल्याकडे ते धोरण आहे का, मला बघायला मिळेल का. भांडायला जायची गरज नाही.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही डॉक्टरच्या पत्रावर घालवला. त्याच्याकडे आधीचं पत्र होतं, त्यात लिहिलेलं, "पेशंटला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, आरामाचा सल्ला दिला आहे." हे वाचून एचआरला काय कळणार? त्यांना वाटतं पोट बिघडलंय, चार दिवसांत बरा होईल. मी त्याला एक साधी वही करायला सांगितली, रोज किती वेळा जावं लागलं, रात्री किती वेळा उठला, रक्त होतं का, घाई किती मिनिटांची, कामाचे किती तास गेले. महिनाभराची वही घेऊन तो डॉक्टरांकडे गेला आणि तिथे पहिल्यांदा बसचं सांगितलं. डॉक्टरांनी वही नीट वाचली, औषध बदललं, आणि नवीन पत्र दिलं. त्यात आजार कायमचा आहे पण कमी-जास्त होतो, उसळल्यावर काही मिनिटांत शौचालय गाठावं लागतं, कामाची जागा शौचालयाजवळ असावी, मध्ये उठायला परवानगी लागू नये, रात्रपाळी टाळावी, तपासणी आणि इंजेक्शनच्या दिवशी सुट्टी द्यावी, असं एकेक लिहिलेलं होतं. या पत्राला एचआरने उत्तर दिलं. त्याला जनरल शिफ्ट मिळाली, टेबल हललं, बसऐवजी स्वतःच्या गाडीने यायचं आणि पेट्रोलचे थोडे पैसे कंपनी देणार असं ठरलं. इंजेक्शनच्या दिवसाच्या सुट्टीचं अजून घोळतंय, सगळं काही मिळालं नाही.

आता जे मधेच घडलं ते सांगायलाच हवं. कुणीतरी त्याला एजंट गाठून दिला होता, पैसे द्या, हातापायाचं सर्टिफिकेट करून देतो म्हणणारा. असल्या भानगडीत अजिबात पडू नका. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतला तर याच कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरंच दुसरा त्रास असेल तर तो लपवूही नका. या आजारासोबत काही जणांचे सांधे, पाठीचा मणका धरतो, जास्त दिवस स्टिरॉइड घेतल्याने खुब्याचं हाड खराब होऊ शकतं, मानसिक आजार जडू शकतो. असं काही असेल तर त्याची तपासणी त्या त्या प्रकारात मेडिकल बोर्डाकडून होते आणि टक्के बसले तर रीतसर सर्टिफिकेट मिळतं.

पेन्शनचं विचारता म्हणून. पीएफ कापला जात असेल तर ईपीएस ९५ मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, अपंगत्वाची पेन्शन आहे आणि तिला २१ प्रकारांची यादी लागत नाही, एक महिन्याचं योगदानही पुरतं. पण अट कडक आहे, जे काम करत होता त्या कामासाठी कायमचा आणि पूर्णपणे असमर्थ झालाय असं मेडिकल बोर्डाने म्हणावं लागतं. महिनोन्‌महिने बरा राहणारा माणूस त्यात सहसा बसत नाही. ईएसआय या कामगार विमा योजनेत असाल, म्हणजे पगार २१ हजारांपर्यंत, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, आजार उसळला की हे नक्की घ्या.

आणि रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. प्रशांत दोनदा टाइप करून बसला होता. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो आणि नंतर नवी पॉलिसी काढायला गेलात की हा आजार बघून विमा कंपनी नकार देऊ शकते किंवा तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, आणि आजार लपवून काढली तर क्लेमच्या वेळी सगळं बाहेर येतं. नोकरी सोडायचीच असेल तर सोडण्याआधी त्याच विमा कंपनीला लेखी विचारा की ग्रुपमधून स्वतःच्या पॉलिसीत कसं जाता येईल, आणि उत्तर हातात आल्यावरच राजीनामा पाठवा.