काडतुसं स्वतः भरताना युनिक ही बंदुकीची पावडर (दारू) मिळत नाही, .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात दुसरी पावडर तेवढ्याच वजनाची भरली तर चालेल?

नाही. तेवढ्याच वजनाची तर अजिबात नाही.

प्रत्येक पावडरची जळण्याची गती आणि घनता वेगळी. युनिक मध्यम गतीची आहे. तिच्या जागी बुल्सआयसारखी वेगवान पावडर तेवढेच ग्रेन (पावडर मोजण्याचं वजनाचं एकक) भरलीत, तर चेंबरमधला (काडतूस बसतं त्या जागेतला) दाब झपाट्याने चढतो. .३८ स्पेशलची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (दाबाचं एकक) आहे, म्हणजे ९ एमएम पिस्तुलाच्या काडतुसाच्या ३५,०००च्या निम्म्याहूनही कमी. चुकीला जागा फारशी नाही.

पावडरींच्या जळण्याच्या गतीचा तक्ता पाहून 'ही तिच्या शेजारीच आहे' असं म्हणणारे बरेच भेटतील. तो तक्ता फक्त क्रम सांगतो. दोन पावडरींमध्ये अंतर किती, हे सांगत नाही. त्यावरून माप काढू नका.

उलट विचार करा: बाजारात मिळतंय काय ते आधी बघा, मग तुमच्याच वजनाच्या आणि प्रकारच्या बुलेटसाठी त्या पावडरचा छापील डेटा उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये शोधा. सापडला तर सुरुवातीच्या मापापासून चढत जा. नाही सापडला, तर ती पावडर तुमच्यासाठी नाही.

एक गंमत मात्र आहे. एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच पावडर, दोन नावांनी विकली जाते. एच११० आणि २९६ चंही तेच. त्यामुळे कधी कधी 'न मिळणारी' पावडर शेजारच्याच डब्यात असते.

आणि हो, .३८ची केस (काडतुसाचं धातूचं कवच) मोठी आहे. वेगवान पावडरचं माप दोनदा पडलं तरी ते आत मावतं. बुलेट बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघा.