घरी जुळवलेला पीसी मधूनच बंद पडतो, घरातले दिवे मात्र चालूच असतात. रॅम बदलू की मदरबोर्ड?

तुम्ही लिहिलंय त्यावरून समजलं ते असं: घर बेळगावच्या वडगावात, आजूबाजूला यंत्रमाग. स्वतः जुळवलेला पीसी, त्यात रायझन 5 5600 प्रोसेसर, आरटीएक्स 3060 ग्राफिक कार्ड आणि 550 वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा. भिंत आणि पीसीच्या मध्ये 600 व्हीएचा यूपीएस, म्हणजे वीज गेली की बॅटरीवर पीसी चालवणारा डबा, तोही तीनेक वर्षं जुना. कधी आठवडाभर काही होत नाही, कधी एकाच दिवसात दोन-तीनदा फटकन बंद. विंडोज नव्याने टाकून झालं, तरी तेच. पीसी तापून बंद पडत असेल असंही तुम्हाला वाटतंय.

अजून एक रुपयाही खर्च करू नका. मी बेळगाव-खानापूर भागात कम्प्युटर दुरुस्ती करतो. अशा तक्रारीत लोक आधी रॅम बदलतात, मग बोर्ड, आणि दोष भलतीकडेच निघतो. रॅम खराब असली तर बहुतेक वेळा निळी स्क्रीन येते, हँग होतं, फाइली बिघडतात. पीसी असा मुकाट विझत नाही. माझा पहिला संशय तुमच्या यूपीएसवर आहे, आणि तो खरा की खोटा हे फुकटात कळतं.

पुढच्या वेळी पीसी बंद पडला की आधी मॉनिटरचा छोटा दिवा बघा. मॉनिटर आणि पीसी दोन्ही त्याच यूपीएसवर असणार. दिवाही विझला तर करंटच तुटला, म्हणजे दोष यूपीएसमध्ये, एक्स्टेन्शन बोर्डात किंवा भिंतीच्या सॉकेटमध्ये. कॅबिनेट उघडायचं कारणच नाही. दिवा जळतोय आणि स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ आलंय, तर करंट येतोय, गडबड कॅबिनेटच्या आत आहे. आणि पंखे फिरताहेत, फक्त स्क्रीन काळी झाली, तर तो पॉवर जाण्याचा प्रकार नव्हेच. मग ग्राफिक कार्ड, केबल, ड्रायव्हर या बाजूने जावं लागेल.

यूपीएसवर संशय का, तेही सांगतो. शेजारी मागाची किंवा बोअरची मोटर सुरू होते तेव्हा ती क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि त्या लाईनवरचं व्होल्टेज खाली बसतं. पंखा स्वतःच्या वेगावर फिरत राहतो, एलईडी बल्ब बऱ्याच कमी व्होल्टेजवरही जळतो. म्हणून घरात कुणाला काही जाणवत नाही. यूपीएसला मात्र जाणवतं. तो लगेच बॅटरीवर जातो, आणि बॅटरी मेलेली असेल तर तुमचा पीसी तिथेच संपतो. ज्या क्षणी ‘टक’ असा यूपीएसमधल्या रिलेचा (बॅटरीवर नेणाऱ्या स्विचचा) आवाज येतो त्याच क्षणी बंद, असं होतंय का? कान देऊन ऐका.

शिवाय भार बघा. 600 व्हीए म्हणजे वॅटमध्ये साधारण 360. तुमचं कार्ड एकटं 170 वॅट खातं, प्रोसेसर जास्तीत जास्त 75-76, वर बोर्ड, पंखे, डिस्क, मॉनिटर, आणि एसएमपीएसमध्येच जाणारी घट. गेम चालू असताना तुम्ही त्या यूपीएसच्या मर्यादेला जाऊन टेकता. ब्राउझर उघडून बसलात तर पीसी शंभरच्या आसपास असतो, तेवढं अर्धमेली बॅटरीही ओढून नेते. म्हणूनच हे कधी होतं, कधी नाही. माग सुरू होणं आणि तुमचा गेम रंगात असणं, दोन्ही एकाच वेळी जुळावं लागतं.

खात्री करायची तर सगळं काम सेव्ह करा, पीसी नुसता चालू ठेवा आणि यूपीएसला येणारा भिंतीवरचा स्विच बंद करा. तग धरला तर एखादा गेम लावून पुन्हा तेच करा. (गेम सेव्ह करून मगच, आणि उगाच दहा-दहा वेळा नको. डिस्कला ते बरं नाही.) दुसऱ्या वेळी पडला तर निकाल लागला. मग काही दिवस यूपीएस काढून पीसी थेट भिंतीवर चालवून बघा. यूपीएसच्या आत असते ती 12 व्होल्ट 7 एएचची सीलबंद बॅटरी, साधारण दोन-तीन वर्षांत तिचा जीव जातो. काढताना बाजू फुगलेल्या दिसल्या, खाचेतून निघता निघत नसेल, तर ती गेलीच समजा. बॅटरी बदलून काम होईल, पण 3060 घेऊन बसलात तर 1000 व्हीएचा यूपीएस घ्यावा असं माझं मत आहे. घरच्या मोठ्या इन्व्हर्टरवर पीसी चालवायचा असेल तर मागचं बटण ‘यूपीएस मोड’ला आहे ना बघा. साध्या मोडमध्ये तो बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो, आणि एसएमपीएस पूर्ण भारावर करंटाविना जेमतेम 16-17 मिलिसेकंद तग धरतो. 50 हर्ट्‌झच्या आपल्या लाईनची एक फेरीच 20 मिलिसेकंदांची असते.

थेट भिंतीवर लावूनही बंद पडला तर सॉकेटकडे वळा. एसएमपीएसची केबल मागच्या बाजूने काढून पुन्हा घट्ट बसवा. थ्री पिन टॉप सॉकेटमधून ओढा आणि पिना उजेडात धरून बघा. एखादी पिन तपकिरी पडलेली, प्लॅस्टिक किंचित वितळलेलं, टॉप सॉकेटात डुगडुगतोय, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्यांची पकड गेली. तिथे ठिणगी पडते आणि करंट क्षणभर तुटतो. आमच्याकडे टेबलाखाली एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर पीसी, इस्त्री, मोबाइलचे चार्जर सगळं लावायची पद्धत आहे. ती मोडा. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात तर सॉकेटच्या आत हिरवट गंज चढलेला मी नेहमी बघतो.

एका गोष्टीत मात्र स्वतः हात घालू नका. दिवे एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत लख्ख होत असतील तर न्यूट्रल सैल असू शकतो. थ्री फेज जोडणीत न्यूट्रल तुटला तर 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत घरात येऊ शकतं. मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला किंवा लाईनमनला बोलवा.

आता आतली बाजू, म्हणजे मॉनिटरचा दिवा जळत राहिला तर. बंद पडल्यावर बटण दाबून पीसी सुरूच होत नाही, एसएमपीएसमागचा स्विच बंद करून थोडं थांबून लावला की सुरू होतो, असं असेल तर एसएमपीएसने स्वतःच्या संरक्षणासाठी ट्रिप घेतली. त्याच्या लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. खऱ्या 550 वॅटच्या मालात 40 अँपिअरच्या वर आकडा असतो. 18-20 लिहिलं असेल तर तो जेमतेम 220-240 वॅट देऊ शकतो, बाहेर 550 छापलं असलं तरी. 3060 चा भार एका झटक्यात 170 च्या बराच वर उसळतो, तिथे असला एसएमपीएस मान टाकतो. मल्टिमीटर असेल तर गेम चालू असताना मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणाऱ्या चार पिनी जोडाच्या) पिवळ्या-काळ्या वायरवर मोजा. 11.4 ते 12.6 च्या बाहेर गेलं तर बदला. एसएमपीएस उघडू मात्र नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

घरी जुळवलेल्या पीसीत आणखी दोन जागा बघण्यासारख्या. प्रोसेसरच्या 8 पिनी केबलचा क्लिप नीट अडकलेला नसतो. वरून बसल्यासारखा दिसतो, बोटाने दाबला की ‘कट’ वाजतो. आणि कॅबिनेटचं पॉवर बटण. ते आत चिकटून चार सेकंद दाबलेलं राहिलं की बोर्ड सगळं बंद करतो. पीसी सुरू झाल्यावर बोर्डावरची पॉवर स्विचची दोन पिनी वायर काढून ठेवा आणि तसाच काही दिवस चालवा. बंद पडायचं थांबलं तर बटण दोषी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर 41’ दिसेल. तो कारण सांगत नाही, पीसी नीट बंद झाला नाही एवढंच सांगतो. पण त्याच्या तपशिलात बगचेककोड शून्य (म्हणजे निळी स्क्रीन आलेली नाही) आणि पॉवरबटनटाइमस्टॅम्प (बटण दाबल्याची वेळ) शून्य नसलेला असेल तर बटण दाबलं गेल्याचा तो पुरावा आहे.

उष्णतेवर तुमचा भर दिसला, पण प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो, एकदम विझत नाही. कूलर सुटला असेल तरच विझेल, आणि मग सुरू केल्यावर मिनिटाभरात पुन्हा जाईल. तुमचं तसं नाही.

एसएमपीएसच निघाला तर तो बहुधा वॉरंटीत असेल. दुकानात चालवून दाखवताना तो कधीच बंद पडणार नाही, म्हणून घरी बंद पडतानाचा व्हिडिओ काढा, त्यात मॉनिटरचा दिवा आणि लेबल दोन्ही दिसू द्या, आणि बिल सोबत न्या.