ऊर्जा नष्ट होत नाही म्हणतात, मग वीज वाचवायची कशाला? आणि 'ऊर्जा संपली' म्हणजे नक्की काय संपतं?

प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेच्या पुस्तकात एका पानावर असतं की ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. त्याच वर्षी ऊर्जा बचतीवर निबंध लिहायला लावतात. जे नष्टच होत नाही ते वाचवायचं कसं, असं एखाद्या पोरानं विचारलं की "परीक्षेत आहे तेवढं लिही" म्हणून गप्प बसवतात. मलाही बसवलं होतं.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. शिक्षण डिप्लोमापर्यंत. तेव्हा मला जसं दिसलं तसं सांगतो, गणितं सोपी आहेत, तुम्ही करून बघा.

एका दमात सांगायचं तर ऊर्जा जेवढ्यास तेवढीच राहते, पण वापरली की ती पांगते. पांगलेली ऊर्जा परत गोळा करून कामाला जुंपता येत नाही. आपण बिल भरतो ते न पांगलेल्या ऊर्जेचं.

माझ्या मामांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं. थंडीच्या सुट्टीत आम्ही पोरं तिथंच पडीक. पहाटे चारला पहिलं आदण (एका वेळी उकळायचा रस) चढायचं. घाण्यातून पडलेला रस काहिलीत (मोठ्या पसरट कढईत), खाली चुलवाण (तिची भट्टी), आणि चुलवाणाच्या तोंडाशी जळव्या बसलेला. त्याचं काम एकच, वाळलेलं चिपाड (रस काढलेल्या उसाचा चोथा) मूठ-मूठ करून सतत आत सारत राहायचं. जाळ कमी पडला की वरून गुळव्या शिव्या घालायचा, जास्त झाला तरी शिव्याच. आम्ही जळव्याच्या शेजारी रताळी भाजत बसायचो. पाठीमागे कुडकुडणारी थंडी, पुढ्यात तोंड भाजेल असा जाळ, आणि काहिलीवर वाफ इतकी की पलीकडे उभा असलेला मामा दिसायचा नाही. एकदा त्या जळव्यानं चिपाडाच्या ढिगाकडं बघून मला विचारलं होतं, "सकाळी डोंगर हुता रं हितं. समदं जाळलं. ग्येलं कुटं?" तो हसत होता, मला मात्र तो प्रश्न चिकटला.

आता त्याचा हिशोब मांडू. विजेच्या बिलातलं युनिट सगळ्यांना कळतं, तेच माप घेऊ (एक युनिट म्हणजे हजार वॉटचा हीटर तासभर). साधारण १० किलो ऊस घाण्यात घातला की सहा-साडेसहा किलो रस निघतो आणि त्याचा किलोभर गूळ होतो. म्हणजे एक किलो गुळासाठी ५ लिटर पाणी वाफ करून उडवावं लागतं. उकळत्या पाण्याचा एक लिटर वाफेत घालवायला सुमारे ०.६३ युनिट लागतं. पाच लिटरचं झालं तीन युनिटांच्या वर. थंड रस उकळीला आणण्याची उष्णता धरली की एकूण साडेतीन. आणि त्याच दहा किलो उसाचं चिपाड वाळून दोन किलोच्या आसपास भरतं. ते जाळल्यावर आठेक युनिटं उष्णता देतं. बघा, आठातली साडेतीन रसात गेली, साडेचार धुराड्यातून आणि चुलवाणाच्या भिंतींतून बाहेर. म्हणून तर जुन्या गुऱ्हाळाला स्वतःचं सगळं चिपाड पुरतं न पुरतं व्हायचं, आणि आता सुधारित चुलवाणात धुराच्या उष्णतेवर पुढच्या आदणाचा रस आधीच कोमट करून घेतात.

पण रसात गेलेली साडेतीन तरी गुळात राहिली का? नाही. ती वाफेबरोबर छपराखालून निघून गेली. किलोभर गुळात जी साडेचार युनिटांच्या थोडी आत ऊर्जा असते (तीच खाऊन अंगात ताकद येते) ती जाळाची नव्हेच, ती उसानं वर्षभर उन्हात उभं राहून साखरेत भरलेली. तेव्हा जळव्याला उत्तर असं: चिपाडातली आठच्या आठ युनिटं दुपारपर्यंत शिवारातल्या हवेत हजर होती. एकही कमी झालं नव्हतं. फक्त ती अख्ख्या गावच्या हवेत मिसळून तिला अंशाच्या कुठल्याशा बारीक हिश्श्यानं उबदार करून बसली होती. आता त्या आठ युनिटांवर कपभर चहा उकळून दाखवा! तुमच्या प्रश्नातलं 'ऊर्जा संपली' ते हे.

हेच माझ्या लेथवर रोज होतं. मोटर वीज खाते, जॉब (कापायचा लोखंडी तुकडा) फिरतो, टूल लोखंड कापतं. टूलला धार नसेल तर चिप निळी पडून निघते, हात लावला तर फोड येतो. म्हणजे कापण्यात जायची ती ऊर्जा घासण्यात गेली आणि उष्णता झाली. १७९८च्या सुमारास काउंट रम्फर्ड नावाच्या गृहस्थानं हेच जर्मनीत म्युनिकला, तोफांच्या कारखान्यात बघितलं. त्या काळी लोक समजायचे की उष्णता हा एक पातळ पदार्थ आहे, वस्तूत भरलेला असतो आणि घासल्यावर बाहेर पडतो. या माणसानं मुद्दाम बोथट टूल घेतलं, तोफेचं ओतीव पाण्यात बुडवलं आणि घोड्यांकडून फिरवत ठेवलं. अडीच तासांत पाणी उकळायला लागलं. खाली जाळ नाही, विस्तव नाही, आणि पाणी उकळतंय! बघणारे थक्क झाले. आणि फिरवत राहाल तोवर उष्णता निघतच राहते, संपतच नाही. मग तो पदार्थ कसला? पुढे १८४०च्या दशकात जूल नावाच्या शास्त्रज्ञानं वजन खाली सोडून पाण्यात पंखा फिरवून नेमकं माप काढलं की किती कामाची किती उष्णता होते. तो हिशोब दर वेळी जुळतो म्हणूनच ऊर्जा अक्षय आहे असं आपण म्हणू शकतो. मला मात्र जूलपेक्षा रम्फर्ड जवळचा वाटतो. बोथट टूलनं काम करणारा माणूस आमच्यातलाच.

या हिशोबातून एक गंमत निघते. बंद खोलीत पंखा लावून तुम्ही बाहेर गेलात तर खोली थंड होत नाही, थोडी तापते. पंख्याची ७५ वॉट कुठं जाणार? हवा हलली, भिंतींना घासली, थांबली. सगळी उष्णता झाली. गार वाटतं ते आपल्या अंगावरचा घाम उडतो म्हणून.

साठवणुकीचं विचाराल तर तिथं माणसांच्या कल्पना फार चुकतात. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या गल्लीत वीज गेली ती गेलीच. घरी १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी. मला वाटायचं एवढी पन्नास किलोच्या वरची, दोघांनी उचलायची वस्तू, दोन दिवस तरी पुरवेल. आता १२ व्होल्ट गुणिले १५०, म्हणजे १८०० वॉट-तास, पावणेदोन युनिटांच्या किंचित वर. तेही पूर्ण उपसली तर. आणि उपसू नये, प्लेटा खराब होतात. पहिल्या रात्रीच ती 'टूँ टूँ' करायला लागली. मेणबत्तीच्या उजेडात बसून मी हिशोब केला की एवढी बॅटरी म्हणजे जेमतेम ४०० ग्रॅम गूळ! लिटरभर पेट्रोल म्हणजे अशा पाच बॅटऱ्या. पदार्थाच्या रेणूंत बांधलेली ऊर्जा इतकी दाट असते, म्हणून जग अजून इंधनाच्या मागे आहे.

पाण्याचं त्याच्या उलट. पाणी उंचावर अडवणं म्हणजेही ऊर्जा साठवणं, पण फार पातळ. समजा धरणाचं पाणी ३० मीटर खाली पडतंय. एका युनिटसाठी किती लागेल? बारा हजार लिटरच्या वर, म्हणजे दहा हजारी टँकर एक भरून दुसरा पाव. तेही टर्बाइन-जनरेटरचा तोटा न धरता. शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेलं राधानगरीचं धरण मुळात शेतीच्या पाण्यासाठी. त्याच्या पायथ्याला वीज होते ती असे टँकरवर टँकर जाऊन. उलट कोयनेचं पाणी सह्याद्री फोडून कोकणात पावणेपाचशे मीटर खाली टाकलंय, तिथं सात-आठशे लिटरमध्ये युनिट निघतं. त्याच पाण्याची किंमत नुसत्या उंचीनं पंधरा पट.

आणि राधानगरीचे ७ स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आम्ही पंचगंगेची पातळी बघायला पळतो, पण त्या दरवाज्यांतून जाणारं पाणी टर्बाइन फिरवत नाही. त्याच्या उंचीचं काय होतं? आवाज होतो, फेस होतो, आणि शेवटी पाणी तापतं. किती? तीस मीटर पडलं तर एका अंशाचा चौदावा हिस्सा. हात घालून कळणारही नाही. पुन्हा तेच, हिशोब चोख, उपयोग शून्य.

ही उंची पाण्याला दिली कुणी? उन्हानं. अरबी समुद्राचं पाणी उन्हानं उडवलं, वाऱ्यानं ते घाटावर आणून आपटलं, गगनबावड्याला, दाजीपूरला कोसळलं. ऊसही ऊनच. कोळसा, पेट्रोल हे करोडो वर्षांपूर्वीचं ऊन. वाराही तेच. सूर्य ते कुठून आणतो, तर हायड्रोजनचं हेलियम करताना दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जेत जातं. उन्हाशी थेट नातं नसलेले स्रोत थोडेच: अणुवीज, जमिनीखालची उष्णता आणि भरती-ओहोटी.

तेव्हा 'वीजनिर्मिती' हा शब्द तसा चुकीचा आहे, 'वीजरूपांतर' म्हणायला हवं होतं. पण इतका रुळलाय की राहू दे. 'वीज वाचवा' मात्र बरोबर आहे. दिवा बंद केला म्हणजे विश्वातली ऊर्जा वाचली असं नाही; वाचलेल्या दर युनिटमागे कुठेतरी अर्धा-पाऊण किलो कोळसा जळायचा राहिला किंवा टँकरभर पाणी अजून उंचावरच राहिलं. आणि युनिट क्षुल्लक समजू नका. धट्टाकट्टा गडी दिवसभर राबला तरी अर्ध्या-पाऊण युनिटाएवढंच काम त्याच्या हातून होतं. तेवढं आपल्याला चहा-वड्याच्या पैशात मिळतं, म्हणून त्याची किंमत वाटत नाही.

आता शेवटचं, कारण असे प्रश्न वाचणाऱ्यांना पुढचा व्हिडिओ हमखास 'फ्री एनर्जी'चा दिसतो. चार-पाच वर्षांपूर्वी एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे कागदावर चित्र घेऊन आले. मोटर जड चक्र फिरवणार, चक्र जनरेटर फिरवणार, जनरेटर मोटर चालवून वर घरालाही वीज देणार. एकदा धक्का दिला की झालं. मी म्हटलं, "काका, होणार नाही." ते म्हणाले, "व्हिडिओत झालंय. तुमी फकस्त चक्र बॅलन्स करून द्या." पैसे देणारं गिऱ्हाईक, मी काय बोलणार. ५० किलोचं बिडाचं चक्र, अर्धा मीटर व्यास, उत्तम बॅलन्स केलं. पंधराशे फेऱ्यांवर नेऊन मेनची वीज तोडली. सगळे गप्प. पट्ट्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला आणि पाऊण मिनिटात चक्र थांबलं. काकांनी बेअरिंगला हात लावून बघितला. कोमट होतं. ऊर्जा तिथं गेली होती, आणि जनरेटरच्या तारांत, आणि पट्ट्यांच्या घासण्यात.

मग मी त्यांना आकडा दाखवला. एवढं चक्र एवढ्या वेगात फिरताना त्यात जी ऊर्जा असते ती सव्वा ग्रॅम गुळाएवढी. वाटाण्याएवढा खडा. ते बराच वेळ त्या चक्राकडं बघत बसले, मग म्हणाले, "मग इंजिनाला हे कशाला लावत्यात?"

हा प्रश्न फार चांगला होता. आपल्याकडच्या एका सिलिंडरच्या ऑइल इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. बाकीचे तीन स्ट्रोक इंजिन चालतं ते चक्रात साठलेल्या ऊर्जेवर. स्फोटाचा झटका चक्र गिळतं आणि पुढच्या स्फोटापर्यंत थोडं-थोडं सोडतं. क्षणभरासाठी साठवायचं असेल तर चक्रासारखं दुसरं नाही, रात्रभरासाठी मात्र ते कामाचं नाही. काकांनी चक्र गाडीत घालून नेलं आणि घरच्या कडबाकुट्टीच्या (चारा कापायच्या यंत्राच्या) शाफ्टवर चढवलं. आता म्हणे उसाच्या ओल्या वाढ्याची (शेंड्याकडच्या पाल्याची) जाड पेंढी घातली तरी मोटर गुरगुरत नाही.